संगणकांची देवडी

जुन्या वाड्यात शिरताना आधी देवडी लागते. तेथे चौकशी झाल्याखेरीज परक्याला चौकात प्रवेश नसे. संगणकांच्या जाळ्याला अशी देवडी का लागली, ते आपण पाहू.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक 'किडा' सोडला. स्वतःच्या नकला काढत पसरणाऱ्या या प्रोग्रॅमने अंदाजे ६,००० संगणक बेजार केले. तोवर हे जाळे बव्हंशी परस्परविश्वासावर चालत होते.

१९९० साली बेल प्रयोगशाळेतील बिल चेस्विक यांनी आपल्या संस्थेच्या प्रवेशद्वाराची रचना प्रसिद्ध केली. त्यात दोन संगणक होते, एक बाहेरच्या अंगाला व एक आतल्या. बाहेरचा शत्रूच्या हाती पडेल, हे गृहीत धरूनच आतल्याची आखणी केली होती.

पुढे पत्ते अपुरे पडू लागले. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटीच पत्ते मावतात! १९९४ साली पत्ते बदलण्याची युक्ती मांडली गेली. तिच्या सुधारित रूपामुळे घरातले सारे संगणक एकाच पत्त्यावरून बाहेर बोलू शकतात. बिनबोलावता आलेले पाकीट आत कोणाला द्यावे, हे राउटरला ठाऊक नसते. म्हणून ते सहसा टाकून दिले जाते. मूळ हेतू काटकसरीचा, संरक्षण हा आनुषंगिक लाभ.

मग २०१६ साली 'मिराई'ने लाखो कॅमेरे व राउटर कसे काबीज केले? कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते! आपल्या शाळेच्या राउटरचे काय?