काचतंतूंतील दिवा आणि त्याचा रंग

१७१४ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें एक कायदा केला. भर समुद्रांत जहाजाचा रेखांश अचूक सांगण्याची रीत जो शोधून काढील, त्यास वीस हजार पौंडांपर्यंत बक्षीस देण्याचें या कायद्यानें जाहीर झालें. रेखांशासाठीं अचूक घड्याळ हवें, आणि घड्याळाचा मोठा शत्रु उष्णता. हवा तापली कीं लंबकाची दांडी वाढते व घड्याळ मागें पडतें. जॉन हॅरिसन या सुतारानें १७२६ च्या सुमारास पोलाद व पितळ यांच्या दांड्या अशा कांहीं जोडल्या कीं, पोलाद जितकें खालीं वाढेल तितकेंच पितळ लंबकाला वर उचलून धरील. दोन धातूंची हीच युक्ति पुढें त्यानें सागरी घड्याळांत वापरली, आणि १७६१ सालीं त्याचें प्रसिद्ध घड्याळ जमेकाच्या सफरीवर निघालें. उष्णतेला हांकलून न देतां तिच्याच एका परिणामाशीं दुसऱ्याची झुंज लावून द्यावयाची, हें त्यांतील मर्म. सुमारें अडीचशें वर्षांनीं हेंच मर्म पुन्हा नौकानयनाच्या कामीं आलें. मात्र तेव्हां लंबकाच्या जागीं केसासारख्या बारीक काचतंतूंत पेटणारा एक दिवा होता.

या दिव्याची गरज कशी पडली, हें समजण्यास १९१३ सालच्या पॅरिसकडे वळलें पाहिजे. तेथें जॉर्ज सान्याक या शास्त्रज्ञानें फिरत्या मेजावर आरसे बसवून एका किरणाचे दोन भाग केले व ते एकाच वाटेनें परस्परविरुद्ध दिशांनीं फिरविले. मेज स्थिर असतां दोघे एकाच वेळीं परत येतात. मेज फिरूं लागलें म्हणजे फिरण्याच्या दिशेनें धांवणाऱ्या किरणास किंचित् अधिक अंतर तोडावें लागतें, आणि दोघांच्या लहरींची पावलें चुकतात. ही चूक मोजली कीं मेजाची गति कळते. बाहेरच्या जगाकडे पाहण्याचें कारणच पडत नाहीं. या प्रयोगानें ईथरचें अस्तित्व सिद्ध झालें असें सान्याकला वाटलें. तें मत टिकलें नाहीं, प्रयोग मात्र टिकला. १९२५ सालीं मायकेलसन व गेल यांनीं अमेरिकेंतील इलिनॉय प्रांतांत सुमारें ६१२ मीटर लांब व ३३९ मीटर रुंद असा नळांचा चौकोन मांडून त्याच रीतीनें पृथ्वीचें स्वतःभोंवतींचें फिरणें प्रकाशाकडून वदवून घेतलें.

परंतु एवढा चौकोन जहाजावर कोण नेणार? ती अडचण काचतंतूनें दूर केली. पंजाबांत जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनीं हॉपकिन्स यांच्यासह लंडन येथें तंतूंच्या जुडीमधून चित्र पोंचविल्याचें १९५४ सालीं प्रसिद्ध केलें. काच शुद्ध केली तर तंतूंतून दूरवर संदेश जातील, हें चार्ल्स काव व हॉकहॅम यांनीं १९६६ सालीं दाखविलें. आणि १९७० सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग कारखान्यानें असा तंतु काढला कीं, एक किलोमीटर चालून गेल्यावर शेंकडा एकाहून अधिक प्रकाश शिल्लक राहावा. ही शिल्लक आज हास्यास्पद वाटेल, पण तेव्हां तो मोठाच विजय होता. त्यानंतर १९७६ सालीं यूटा विद्यापीठांतील वाली व शॉर्टहिल यांनीं सान्याकचें वर्तुळ काचतंतूच्या वेटोळ्यांत बसविलें. एक किलोमीटर तंतु लहानशा रिळावर गुंडाळतां येतो. फिरणारें चाक नाहीं, झिजणारा कणा नाहीं, असा हा जायरोस्कोप होता.

आतां खरी मेख आली. पावलें किती चुकलीं हें तंतूची लांबी, वेटोळ्याचा व्यास व फिरण्याचा वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असतें; पण त्या गुणाकारास प्रकाशाच्या तरंगलांबीनें भागावें लागतें. म्हणजे तरंगलांबी हा येथें कापड मोजावयाचा गज आहे. दिव्याचा रंग यत्किंचित् पालटला कीं गजच आंखूड किंवा लांब झाला, आणि कापड तेवढेंच असून माप चुकलें.

तर मग शुद्ध एकरंगी लेसर कां वापरूं नये? तसें करून पाहण्यांत आलें. परंतु काचेंतील सूक्ष्म विषमतेमुळें थोडा प्रकाश उलटा विखुरतो, आणि लेसरच्या शिस्तबद्ध लहरींशीं तो मिसळला कीं न झालेलें फिरणें झाल्याचा भास होतो. तेव्हां दिवा अनेक जवळजवळच्या रंगांचा, म्हणजे रुंद पट्ट्याचा हवा. आणि तरीही त्या पट्ट्याचा मध्य जागचा हलतां कामा नये. या दोन मागण्या एकमेकींच्या सवतीच म्हणावयाच्या.

रुंद पट्ट्याचा दिवा अर्धवाहकांत मिळे. परंतु त्याची मध्य तरंगलांबी दर अंश उष्णमानास दहा लाखांत सुमारें चारशें भाग सरकते. दहा अंशांचा फरक पडला व तो तसाच सोडून दिला, तर चार हजार भाग चूक झाली. विमानानें एक पुरा फेरा घेतला तर दिशेंत सुमारें १.४ अंशाचा दोष येईल, आणि त्या दिशेनें हजार किलोमीटर गेल्यावर तें पंचवीस किलोमीटर बाजूस पडेल. धुक्यांत विमानतळ शोधणाऱ्या वैमानिकास हें परवडणारें नव्हे. हीच चूक दहा लाखांत एका भागावर आणली, तर पंचवीस किलोमीटरांचे सहा मीटर होतात. दिवा विजेच्या साह्यानें थंड राखतां येतो, परंतु त्या थंडाव्यासच बरीच वीज जाते. शिवाय त्या दिव्याचा पुष्कळसा प्रकाश तंतूच्या सूक्ष्म गाभ्यांत शिरतच नाहीं.

येथें एर्बियम उपयोगी पडलें. स्वीडनमधील इटर्बी गांवच्या खनिजांतून मोसांडर यानें हें मूलद्रव्य १८४३ सालीं ओळखलें; गांवाचेंच नांव तोडूनमोडून त्यास मिळालें. त्याचा प्रकाश ज्या इलेक्ट्रॉनांपासून निघतो ते बाहेरच्या कवचांच्या आड असतात. ओसरीवरचा गलका माजघरांत जसा मंद होऊन पोंचतो, तशी भोंवतालच्या काचेची धडपड त्यांच्यापर्यंत फारशी येत नाहीं. म्हणून त्यांचा रंग बराचसा ठाम. त्यांत हा रंग १५३० ते १५६० नॅनोमीटरांच्या आसपासचा, जेथें काच सर्वांत पारदर्शक असते. हा योगायोग मोठाच भाग्याचा.

काचतंतूंत असें द्रव्य घालून प्रकाश वाढविण्याची कल्पना तशी जुनी होती. स्निट्झर व केस्टर यांनीं १९६४ सालीं निओडिमियम घातलेला तंतु झगझगीत दिव्याभोंवतीं गुंडाळून तें करून दाखविलें होतें. मध्यें वीस वर्षें तिच्याकडे फारसें लक्ष गेलें नाहीं. १९८७ सालीं साउदॅम्प्टन येथें पेन, मीअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एर्बियमच्या तंतूनें संदेशाचा प्रकाश वाढविला. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत देझुर्व्हीर यांनींही त्याच वर्षीं तें साधलें. आतां अशा तंतूंत संदेश सोडलाच नाहीं तर काय होईल? उत्तेजक प्रकाश मिळालेले अणु आपण होऊन चमकूं लागतात, ती चमक तंतूंतून जातां जातां वाढत जाते, आणि टोंकाशीं रुंद पट्ट्याचा जोरदार प्रकाश बाहेर पडतो. तो तंतूंतच जन्मलेला, म्हणून तंतूच्या वेटोळ्यांत सहज शिरतो. जायरोस्कोपास हवा तो दिवा हाच.

तरी माजघर सर्वस्वी शांत नसतें. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत शॉ, डिगोने, किम व विसॉकी यांनीं या दिव्याच्या चंचलतेचा कसून तपास केला. त्यांचा विस्तृत निबंध १९९४ सालीं छापला गेला. उष्णता वाढली कीं एर्बियमचे अणु आपल्या बारीक बारीक ऊर्जापायऱ्यांवर निराळ्या प्रमाणांत बसतात; हें पहिलें कारण. उत्तेजक प्रकाश देणारा लहान लेसर स्वतः तापून आपला रंग बदलतो, हें दुसरें. त्याचा जोर कमीजास्त होतो, हें तिसरें. यांतील प्रत्येकाच्या हुकमानें दिव्याची मध्य तरंगलांबी सरकते, परंतु नेहमीं एकाच दिशेला नव्हे. हॅरिसनची युक्ति येथेंच पुन्हा भेटते. तंतूची लांबी व उत्तेजक प्रकाशाचा रंग आणि जोर नीट निवडले, तर एक परिणाम पुढें ओढतो व दुसरा मागें. अशा रीतीनें दर अंशास चारशें भागांचे अवघे कांहीं भाग उरले.

पुष्कळ प्रकाश आणि स्थिर प्रकाश हीं दोन्ही मात्र सहजासहजीं एकत्र नांदत नाहींत. तंतूच्या एका टोंकाशीं आरसा लावला तर प्रकाश दोनदां तंतूंतून जातो, आणि थोड्या उत्तेजनांत पुष्कळ उजेड पडतो. विजेच्या काटकसरीच्या दृष्टीनें हें उत्तम. पण दुसऱ्या टोंकाकडून चुकून किंचितही प्रकाश परतला, तर दिवा लेसर होऊन बसतो व सारी रुंदी नाहींशी होते. म्हणून टोंक तिरकें कापावयाचें आणि उलट येणारा प्रकाश अडविणारें एक दार बसवावयाचें. आरसा गाळून उत्तेजक प्रकाश शिरतो त्याच टोंकाकडे उलट येणारा प्रकाश घेतला, तर हा धोका पुष्कळच कमी. उपग्रहांत वीज मोजून मिळते, तेथें हा सौदा फार विचारानें करावा लागतो. अंतराळांतील किरणांनीं एर्बियमची काच काळवंडते ही तिसरीच आपत्ति; त्यावर काचेंत सेरियम मिसळण्याचा उतारा काढण्यांत आला आहे.

एर्बियमच्या दिव्यावर चालणारे जायरोस्कोप पुढें जहाजांवर व उपग्रहांत गेले. गंमत अशी कीं, ज्या एकरंगी लेसरास या यंत्रांतून घालवून दिलें होतें, त्याच्याकडे २०१० नंतरच्या दशकांत स्टॅनफर्डच्याच प्रयोगशाळेनें पुन्हा मोर्चा वळविला. लेसरची तरंगलांबी फार घट्ट धरून ठेवतां येते; तेव्हां त्याच्या लहरींची शिस्त मुद्दाम थोडी बिघडवून पट्टा रुंद करावयाचा, असा त्यांचा उद्योग आहे.