समुद्रतळावरचा जड चिखल

1900 साली टेक्सासमधल्या स्पिंडलटॉपची तेलविहीर भुसभुशीत वाळूत ढासळू लागली, तेव्हा कामगारांनी पाण्याऐवजी चिखल आत सोडला आणि भिंती टिकल्या. 1920च्या दशकात या चिखलात दळलेले बॅराइट मिसळू लागले. पाण्याच्या चौपटीहून जड असलेले हे खनिज खोल थरांतून उसळणारा वायू दाबून धरते. विहिरीतून निघालेला खडकाचा चुरा आणि त्याला चिकटलेला चिखल टाकायचा कुठे, याचा मात्र कोणी फारसा विचार केला नाही. समुद्रात खोदकाम सुरू झाल्यावर तो सरळ तळाशी जाऊ लागला. उत्तर समुद्रात तर काही काळ डिझेल मिसळलेल्या चिखलाचा चुराही असाच टाकला जात होता.

या निर्धास्तपणाला आधार होता. बॅराइट म्हणजे बेरियम सल्फेट. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पोटाच्या एक्स-रेआधी रुग्णालाही पाजतात. मग ते माशांना काय करणार? म्हणून परीक्षा ठरली ती विषाची: प्रयोगशाळेतले जीव 96 तास चिखलमिश्रित पाण्यात ठेवायचे आणि किती प्रमाणाला निम्मे मरतात ते पाहायचे. भारताच्या 2005च्या नियमांतही हीच कसोटी आहे, आणि त्यासोबत बॅराइटमध्ये किलोमागे पारा 1 मिलिग्रॅम व कॅडमियम 3 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा. मुंबई हाय तेलक्षेत्राच्या समुद्राला हे नियम हवेतच, कारण अशुद्ध बॅराइटबरोबर जड धातू येतात. पण चार दिवसांत न मरणे म्हणजे निरोगी असणे नव्हे, आणि जोखीम मोजण्याची सगळी पद्धत इथेच तोकडी पडली.

1995 साली ओल्सगार्ड आणि ग्रे या संशोधकांनी नॉर्वेच्या तेलक्षेत्रांभोवतीच्या तळाची माहिती पुन्हा तपासली. परिणाम तेलफलाटाच्या आसपासच असतो, असा तोवर समज होता. त्यांना प्रदूषण 2 ते 6 किलोमीटरपर्यंत पसरलेले आढळले. एकूण जाती मोजण्यापेक्षा कोणती जाती कमी झाली आणि कोणती वाढली हे पाहिल्यामुळे तळातल्या जीवांतला बदलही दिसला. यावर आक्षेप असा की दोष तेलाचा होता, खनिजाचा नव्हे. तो बराचसा रास्त आहे. पाण्यावर आधारित चिखलाचा परिणाम बहुधा बराच आखूड पल्ल्याचा असतो, हे मान्य करायलाच हवे. तरीही कॅनडातल्या प्रयोगांत लिटरमागे काही मिलिग्रॅम बारीक बॅराइट किंवा चिखलात वापरल्या जाणाऱ्या बेंटोनाइट या चिकणमातीनेही स्कॅलप शिंपल्यांची वाढ खुंटली. कण विषारी नसला तरी पाणी गाळून जगणाऱ्या जिवाची त्याने झीज होते, उपासमार होते. नंतर नॉर्वेत जोखीम मोजताना विषाबरोबर गाडले जाणे, गाळाच्या कणांचा आकार बदलणे आणि तळातला प्राणवायू घटणे हेही धरले जाऊ लागले. आपल्याकडेही खोदकामापूर्वी आणि नंतर अनेक वर्षे त्याच ठिकाणच्या तळातले जीव मोजले जावेत. विहीर खोदण्याच्या खर्चापुढे या मोजणीचा खर्च नगण्य आहे.