३३९ सामन्यांचा हिशेब

खेळाडू किती मोठा होता हे सांगताना आपण धावा सांगतो, बळी सांगतो, गोल सांगतो. एका संघाचा सदरा त्याने किती वेळा अंगात घातला, हे फारसं कुणी विचारत नाही. हा आकडा जरा रुक्ष असतो. त्यात षटकार नाही, हॅटट्रिक नाही. तरीही गेली काही वर्षं मला या आकड्याचं कुतूहल लागून राहिलं आहे. त्याला कारण आपल्या पुणे जिल्ह्यातला एक माणूस, खडकीचा धनराज पिल्ले.

डिसेंबर १९८९ ते ऑगस्ट २००४ या काळात धनराज भारताकडून ३३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. म्हणजे चौदा वर्षं आणि आठ महिने. भागाकार करून पाहिला तर वर्षाला तेवीस सामने पडतात. त्या काळी हॉकीचा सामना सत्तर मिनिटांचा, पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन डाव. आक्रमणाच्या फळीत खेळणाऱ्याला त्यातली बरीच मिनिटं पळतच काढावी लागतात, तीही कमरेत वाकून. चार ऑलिंपिक (१९९२, १९९६, २०००, २००४), चार विश्वचषक (१९९०, १९९४, १९९८, २००२), चार आशियाई स्पर्धा आणि चार चॅम्पियन्स करंडक असा चार चोकचा पाढा पूर्ण करणारा तो एकमेव खेळाडू म्हणून ओळखला जातो.

आता तुम्ही म्हणाल, बारामतीच्या कवीला हॉकीचं काय पडलंय? प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे ऊस, साखर कारखाना, कुस्ती, कबड्डी आणि सगळ्यावर कडी म्हणजे क्रिकेट. इंदापूरकडे गेलात तर यात्रेतल्या कुस्त्यांची चर्चा वर्षभर पुरते. हॉकीची काठी मी लहानपणी फक्त चित्रात पाहिली होती. पण हॉकी ऐकली मात्र खूप. माझ्या वडिलांच्या शिलाईच्या दुकानात रेडिओ असायचा आणि जसदेव सिंग यांची हिंदी कॉमेंट्री लागली की मशीनचं पायडल आपोआप थांबायचं. चेंडू मोहम्मद शाहिदकडे गेला की निवेदकाच्या आवाजाचा वेग दुप्पट व्हायचा, एवढ्यावरून आम्हाला कळायचं की काहीतरी होणार. १९८० साली मॉस्कोत भारताने स्पेनला ४-३ असं हरवून सुवर्णपदक जिंकलं, त्या संघात हा शाहिद होता. बनारसचा.

आम्ही कानांनी ऐकत होतो त्या शाहिदची नक्कल खडकीत माझ्याच वयाचा एक पोरगा मातीवर करत होता, हे मला फार उशिरा कळलं.

खडकीत हॉकी कुठून आली याचा इतिहास लष्कराच्या मागोमाग जातो. ५ नोव्हेंबर १८१७ ला तिथे पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. पुढे तिथे छावणी वसली. १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला. बॉम्बे सॅपर्सचं ठाणंही तिथंच आहे. गोऱ्या सोजिरांबरोबर हॉकी आली, आणि छावणीच्या कडेला राहणाऱ्या कामगारांच्या, खानसाम्यांच्या, शिपायांच्या पोरांनी ती उचलली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंद यांच्या ज्या संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असं हरवलं, त्या संघातले बाबू निमल हे खडकीचेच. महिलांच्या हॉकीतही पुण्याने कमी केलेलं नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत पुरुषांचा संघ पाकिस्तानकडून १-७ असा हरला, त्याची हळहळ आजही लोक बोलून दाखवतात. त्याच स्पर्धेत मुलींनी सुवर्णपदक जिंकलं होतं आणि त्यांची कर्णधार होती पुण्याची एलायझा नेल्सन. हे किती जणांच्या लक्षात आहे?

धनराजचा जन्म १६ जुलै १९६८ चा. वडील नागलिंगम पिल्ले कारखान्याच्या मैदानाची देखभाल करायचे. आईचं नाव अंदलम्मा. कारखान्याच्या वसाहतीतलं घर, भावंडं बरीच, पैसा बेताचा. घरात लक्ष्मी यावी म्हणून मुलाचं नाव धनराज ठेवलं, असं सांगतात. मैदान वडिलांच्या हाताखालचं, त्यामुळे खेळायला जागेची ददात नव्हती. काठ्या मात्र दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या, तुटलेल्या, चेंडूही तसेच. घरी तमिळ आणि गल्लीत मराठी, असं त्याचं बालपण. आमच्या घरी दखनी आणि दाराबाहेर मराठी. त्यामुळे त्याचं ते फर्डं, खडकीच्या वळणाचं मराठी टीव्हीवर ऐकलं की मला एकदम शेजारचा माणूस भेटल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट खेळ न कळणाऱ्यालाही समजेल अशी आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली. मातीवर चेंडू उडतो, अडतो, भलतीकडेच वळतो. त्याला मनगटाने समजावावं लागतं. हिरवळीवर तो सरळ आणि जोरात जातो, तिथे पाय आणि दम लागतो. आपल्याकडची पोरं मातीवर शिकायची आणि वेगळ्याच जमिनीवर परीक्षा द्यायची. मातीवर घडलेलं मनगट आणि हिरवळीला लागणारा वेग हे दोन्ही एकाच देहात असलेले खेळाडू थोडे. धनराज त्यातला होता. म्हणून तो एवढे सामने टिकला असं माझं मत आहे. जाणकारांनी वाटल्यास दुरुस्त करावं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तो मुंबईला गेला. थोरला भाऊ रमेश तिथे आरसीएफकडून खेळत होता. तोही भारतासाठी खेळलेला. पुढे धनराज महिंद्रच्या संघात आला आणि तिथे ज्योकिम कार्व्हालो यांच्या हाताखाली तयार झाला. त्या पिढीच्या हॉकीपटूचं पोट कंपनीच्या किंवा सरकारी खात्याच्या संघावर चालायचं. देशाकडून खेळणं हा मान होता, पण पगार कंपनीचा. हे ध्यानात घेतलं नाही तर ३३९ या आकड्याचं वजन कळत नाही.

मुळात सामना मोजायचा कसा, हाच हॉकीतला जुना घोळ आहे. जुन्या काळी संघ बोटीने दौऱ्यावर जायचे आणि वाटेत जो भेटेल त्याच्याशी खेळायचे. १९३५ च्या न्यूझीलंड दौऱ्यात भारतीय संघ सगळे मिळून ४८ सामने खेळला, ५८४ गोल केले. त्यातले ४३ सामने ध्यानचंद खेळले आणि त्यांचे गोल २०१. पण समोर कधी देशाचा संघ, कधी एखाद्या गावाचा. यातले आंतरराष्ट्रीय किती धरायचे? म्हणून ध्यानचंद यांच्या गोलांची संख्या कुठे ४०० वाचायला मिळते, कुठे ५७०, कुठे थेट हजार. पुढे नियमही बदलले. पूर्वी एकदा बाहेर गेलेला खेळाडू परत मैदानात येत नसे. नव्वदच्या दशकात हवं तेव्हा आत-बाहेर करण्याची मुभा मिळाली. त्यामुळे आताच्या खेळाडूंचे सामने भराभर वाढतात. दोन पिढ्यांचे आकडे शेजारी ठेवताना हे विसरून चालत नाही.

पण ध्यानचंद यांचा काळ बोटीचा होता, धनराजचा विमानाचा आणि उपग्रहाचा. सामना टीव्हीवर दिसायचा, गुणफलक जगभर जायचा. अशा काळातसुद्धा भारतीय हॉकी महासंघाने आपल्या खेळाडूंच्या गोलांची अधिकृत नोंद ठेवली नाही! धनराजचे गोल १७० च्या वर आहेत, असं तो स्वतः सांगतो आणि आकडेवारी ठेवणारे सांगतात. ‘च्या वर’ म्हणजे किती? क्रिकेटमध्ये असं उत्तर दिलं तर लोक हसतील. सामन्यांचा आकडा निदान मिळतो. त्याचं बरंचसं श्रेय पत्रकारांना आणि मध्य प्रदेशातल्या सीहोरच्या बी. जी. जोशींसारख्या हौशी आकडेतज्ज्ञांना दिलं पाहिजे. ज्यांचं ते काम होतं त्यांनी ते केलं नाही आणि ज्यांना एक पैसा मिळत नव्हता त्यांनी वह्या भरल्या.

नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर सचिन तेंडुलकरची दोनशेवी कसोटी झाली ती आठवा. नाणेफेकीसाठी खास नाणं, टपाल खात्याचं तिकीट, देशभर डोळ्यांत पाणी. मला त्या सोहळ्याबद्दल काडीचीही असूया नाही; मीही तो पाहिला आणि मीही रडलो. पण धनराजचा दोनशेवा सामना असा कुणाच्या तोंडी नाही. तीनशेवाही नाही. आमच्या बारामतीत कऱ्हाकाठी मोरोपंत होऊन गेले. १७९४ साली ते वारले, पण त्यांची रामायणं १०८, हा आकडा इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. कुणीतरी मोजली, कुणीतरी पुढच्याला सांगितली, म्हणून तो टिकला.

कुणी म्हणेल, आकड्यात काय आहे, खेळ पाहिला म्हणजे झालं. मला हे पटत नाही. नोंद नसली की खेळाडूला वगळणं सोपं जातं. डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने बत्तीस वर्षांनी सुवर्णपदक जिंकलं. १९६६ नंतर पहिल्यांदाच. कर्णधार धनराज, आणि स्पर्धेत सर्वाधिक गोलही त्याचेच. परत आल्यावर त्याने खेळाडूंचं मानधन आणि सोयी यांविषयी उघडपणे तोंड उघडलं. पुढच्या मालिकेच्या संघात तो नव्हता, बरोबरचे आणखी काही ज्येष्ठ खेळाडूही नव्हते. थकले आहेत, विश्रांती दिली आहे, असं कारण सांगण्यात आलं. ते फार थोड्यांना पटलं. ३३९ च्या हिशेबात हे न खेळलेले सामनेही कुठेतरी लिहायला हवेत.

आणि हे सामने काही सुगीच्या काळातले नव्हते. धनराज खेळला त्या चार ऑलिंपिकमध्ये भारताचे क्रमांक सातवा, आठवा, सातवा, सातवा. विश्वचषकात १९९४ च्या सिडनीत पाचवा, तीच काय ती बरी कामगिरी. त्या वर्षी जागतिक संघात निवडला गेलेला एकमेव भारतीय धनराज. सगळ्यात जिव्हारी लागलं ते २००० सालचं सिडनी ऑलिंपिक. पोलंडविरुद्ध भारत १-० ने पुढे होता. तेवढं टिकलं असतं तर उपांत्य फेरी नक्की होती. शेवटची दोन मिनिटंही उरली नव्हती तेव्हा पोलंडने बरोबरी केली. वीस वर्षांनी पदकाच्या एवढ्या जवळ आलेला संघ बाहेर पडला. धनराज त्यानंतरही चार वर्षं खेळत राहिला. २००३ मध्ये क्वालालंपूरला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात पाकिस्तानला ४-२ असं हरवून आशिया चषक पहिल्यांदा जिंकला. पण ऑलिंपिकचं पदक त्याच्या घरात नाही.

अथेन्सला २००४ मध्ये तो गेला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. त्याला पुरेसा खेळवलाच नाही. शेवटचा सामना सातव्या-आठव्या जागेसाठी, दक्षिण कोरियाशी. भारताने तो ५-२ असा जिंकला. त्यात धनराजला मैदानावर अगदी थोडा वेळ मिळाला. नोंदवहीत मात्र तो थोडा वेळही एक सामना म्हणूनच लिहिला जातो, बँकॉकच्या अंतिम सामन्याइतकाच पूर्ण. मला कवी म्हणून या गोष्टीचं मोठं नवल वाटतं. आकड्याला ना आनंद कळतो ना अपमान.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. मार्च २००८ मध्ये भारत ऑलिंपिकसाठी पात्रच ठरला नाही. १९२८ पासून खेळायला लागल्यानंतर पहिल्यांदाच. जुना महासंघ त्याच वर्षी बरखास्तीच्या वाटेने गेला आणि २००९ मध्ये हॉकी इंडिया ही नवी संघटना आली. धनराजबरोबर खेळलेला ओडिशाचा बचावपटू दिलीप तिर्की २०१० पर्यंत ४१२ सामने खेळून थांबला आणि २०२२ मध्ये त्याच हॉकी इंडियाचा अध्यक्ष झाला. नेदरलँड्सचा टेउन द नॉयर ४५३ सामन्यांपर्यंत गेला होता. तिथे खेळाडूच्या प्रत्येक सामन्याचा जमाखर्च चोख असतो.

आता आपल्याकडेही शंभरावा, दोनशेवा सामना असला की तो आधी जाहीर होतो. ३१ ऑक्टोबर २०२३ ला रांचीत वंदना कटारिया तीनशेवा सामना खेळली; हा टप्पा गाठणारी ती पहिली भारतीय महिला. २०२५ मध्ये मनप्रीत सिंगने चारशेचा आकडा गाठला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वंदना निवृत्त झाली, त्या दिवशीच्या बातमीत एकाच ओळीत तिचा सगळा हिशेब होता. सामने ३२०, गोल १५८. धनराजच्या नावापुढे सामन्यांचा रकाना भरलेला आहे. गोलांच्या रकान्यात अजून ‘१७० हून अधिक’ असंच लिहितात.