झाडू, शिट्टी आणि संचयिका : आपल्या शाळांतल्या सेवेची गोष्ट



हल्ली शाळेत ‘समाजसेवा’ म्हटलं की मुलं आधी विचारतात, सर्टिफिकेट मिळणार का? मुलांना दोष देत नाही, आपणच तशी सवय लावली. पण आपल्या बेळगावात विद्यार्थ्यांनी आणि तरुणांनी केलेल्या सेवेला मोठा इतिहास आहे. तो नातवंडांना कुणी सांगत नाही, म्हणून लिहायला बसलो.

सुरुवात १९२४ पासून करतो. त्या डिसेंबरात टिळकवाडीत काँग्रेसचं ३९ वं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथंच. स्वागताची धुरा गंगाधरराव देशपांड्यांकडे. मंडपाच्या नगराला नाव दिलं विजयनगर, आणि पिण्याच्या पाण्यासाठी जी विहीर खोदली ती पंपा सरोवर. आज आपण तिला काँग्रेस विहीर म्हणतो. रोज काँग्रेस रोडवरून जाणाऱ्या किती मुलांना हे माहीत असेल?

हजारो माणसं येणार म्हणजे पाणी, पंगती, दिवाबत्ती, गर्दी, आजारी माणसं. हे सांभाळायला शिस्तीचे स्वयंसेवक हवेत. ती शिस्त आणली डॉ. ना. सु. हर्डीकरांनी. मूळचे विजापूर जिल्ह्यातले, घरी मराठी, कार्यक्षेत्र हुबळी. अमेरिकेत शिकून आलेले. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांनी आपली पोरं नेली, तुरुंगात माफी मागितली नाही. त्याच डिसेंबरात काकीनाड्याच्या अधिवेशनात हिंदुस्थानी सेवा दल स्थापन झालं आणि वर्षभरात बेळगावची जबाबदारी अंगावर आली. मराठी आणि कानडी पोरं एका रांगेत उभी राहून कवायत करत होती. सीमेचा वाद तेव्हा जन्मालाही आला नव्हता!

पण मला मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच. छावणीच्या सफाईचं काम काकासाहेब कालेलकरांकडे होतं. काकासाहेब आपल्याच भागातले. बेळगुंदीशी घरोबा, पूर्वी इथल्या गणेश विद्यालयात शिकवलेलं, पुढं बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात. त्यांच्या पथकात ब्राह्मण तरुणही होते, आणि काम काय? चरांचे संडास साफ करणं. शंभर वर्षांपूर्वीचं बेळगाव डोळ्यांपुढे आणा. घरी सोवळंओवळं आणि इथं हातात झाडू-फावडं. घरी परत गेल्यावर किती जणांना आंघोळ करूनच आत घेतलं असेल, कल्पना करा. भाषणं ऐकणारे पुष्कळ होते, पण जातीची मोडतोड तिथं, त्या चरांपाशी चालली होती.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या अधिवेशनात स्वागतगीत गाणाऱ्या मुलींमध्ये अकरा वर्षांची गंगूबाई हनगल होती. पुढे त्यांनी आठवण सांगितली आहे, की आपल्या जातीमुळं जेवणानंतर उष्टी काढायला सांगतील की काय, ही धास्ती त्यांच्या मनात होती. म्हणजे बघा, झाडू एकच. एकानं तो आपखुशीनं घेतला तर ती सेवा, आणि दुसऱ्याला तो जन्मानं चिकटवला तर ती शिक्षा. शाळेत सेवा शिकवताना हा फरक शिकवला नाही तर सगळं व्यर्थ.

बायकांचं पथकही होतं. ते उमाबाई कुंदापूर यांनी उभं केलं. विधवा बायका त्या काळी उंबऱ्याबाहेर पडत नसत, त्याही स्वयंसेविका म्हणून आल्या.

बडोद्याच्या वाचकांना इथं प्रो. माणिकरावांची आठवण येईल. जुम्मादादा व्यायाम मंदिर! मुसलमान गुरूच्या नावानं मराठी शिष्यानं चालवलेला आखाडा. कवायतीचे हुकूम इंग्रजीत कशाला, म्हणून त्यांनी ते आपल्या भाषेत बसवले.

शाळांमध्ये आणखी एक प्रवाह होता स्काऊटचा. आपल्याकडं १९०९ मध्ये तो आला तेव्हा गोऱ्यांच्या मुलांपुरता. म्हणून ॲनी बेझंटबाईंनी १९१६ मध्ये मद्रासला हिंदी मुलांसाठी वेगळी संघटना काढली, आणि मालवीय, कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादला सेवा समितीची. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० ला सगळे एकत्र येऊन भारत स्काऊट झाले, पुढच्या वर्षी गाईडही आल्या. तिकडं ४ जून १९४१ ला राष्ट्र सेवा दल सुरू झालं, एस. एम. जोशी पहिले दलप्रमुख. १९४८ मध्ये एनसीसी आणि १९५२ मध्ये शाळांसाठी एसीसी.

आमची पिढी या सगळ्याच्या संगमावर वाढली. साठीच्या दशकात आमच्या शाळेत शिट्टी वाजली की मराठी माध्यम, कानडी माध्यम असं काही उरत नसे. ‘सावधान, विश्राम’ सगळ्यांना सारखंच कळायचं. चीनच्या युद्धात संरक्षण निधीचे डबे घेऊन आम्ही गल्लोगल्ली फिरलो. स्काऊटवाल्यांची ‘खरी कमाई’ असायची : कुणाची सायकल पूस, कुणाचं लाकूड रच, आणि मिळालेले चार-आठ आणे शाळेत जमा कर. घरून पैसे आणलेले चालायचे नाहीत. हा नियम मला आजही फार मोलाचा वाटतो. बापाच्या खिशातून केलेला धर्म हा आपला धर्म नव्हे!

बँकेतला माणूस म्हणून एक गोष्ट हटकून सांगतो, संचयिकेची. राष्ट्रीय बचत खात्याची ही योजना १९७० च्या सुमारास शाळांत आली. मुलांची बँक, मुलांनीच चालवायची. कॅशियर नववीतला, खातेदार पाचवीतला. मुलानं चार आणे भरले की पासबुकात नोंद, आणि खातेवहीचा मेळ बसल्याशिवाय घरी जायचं नाही. दुसऱ्याचा पैसा आपल्या हातात आहे ही जाणीव चौदाव्या वर्षी झाली, की ती पुस्तक वाचून शिकवावी लागत नाही. शाळेच्या मंडळांमध्ये मला हेच सगळ्यात उपयोगी वाटतं. क्रिकेटचा कप्तान एकच होतो, पण हिशेब ठेवणारे, पाणी वाटणारे, हस्तलिखित काढणारे, सहलीत मागे राहिलेल्याला सांभाळून आणणारे पुष्कळ लागतात. वर्गात खालच्या नंबरात असलेल्या पोराला तिथं मान मिळायचा.

मग हे विरलं कशानं? भाषेच्या वादानं शाळा वेगळ्या पडल्या, हे एक. दहावीचे टक्के आणि क्लास, हे दुसरं. आणि तिसरं आपलंच : ‘पोरगं झाडायला शाळेत पाठवलंय काय?’ असं विचारणारे पालक आपल्याच घरात झाले. १९२४ चे आईबापही कदाचित असंच म्हणाले असतील. फरक इतकाच की त्या पोरांनी ते ऐकलं नाही.

निदान शाळांनी एक करावं. सेवेचं काम वाटताना पाळी सगळ्यांची लावावी, अधिकाऱ्याच्या मुलाचीही आणि शिपायाच्या मुलाचीही, आणि त्याचे मार्क देऊ नयेत.

बेळगाव, खानापूर, निपाणी, बडोदा, इंदूर, कुठलेही असा, तुमच्या शाळेतल्या पथकाचा, संचयिकेचा, हस्तलिखिताचा एखादा फोटो किंवा आठवण असेल तर खाली जरूर लिहा. शाळेचं नाव आणि साल घालायला विसरू नका. आपण गेल्यावर हे सांगणारं कुणी राहणार नाही.