प्लेगच्या साथीतला रोजचा पगार

1896 च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात काखेत आणि जांघेत गाठी येऊन तापाने माणसे मरू लागली. मूळचे गोव्यातील हडफड्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे निदान केले. चीनच्या युनान प्रांतातून पसरत 1894 मध्ये हाँगकाँगला पोहोचलेली ही जागतिक साथ आता मुंबई बंदरात उतरली होती. 1891 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या घरात होती. 1897 च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. गेलेल्यांत गिरणी कामगारांचा भरणा मोठा होता, आणि हजारो हातांवर चालणाऱ्या कापड गिरण्यांच्या धंद्याला त्यामुळे कधी नव्हे तो पेच पडला.

त्या काळी गिरणीत काम मिळे ते मुकादमाच्या ओळखीने. मुकादमच माणसे आणी, खात्यात लावी, मर्जी फिरली की काढूनही टाकी, आणि त्याची दस्तुरी दिल्याशिवाय गैरहजर माणसाच्या जागी लागणाऱ्या बदलीवाल्याला उभे राहता येत नसे. पगार महिन्याचा ठरलेला असला तरी महिना उलटून कित्येक दिवस गेल्यावरच तो हातात पडे. मधल्या काळात घर चाले ते वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर. न सांगता काम सोडले तर राहिलेला पगार बुडे. कामगाराला जागेवर ठेवण्याचे मालकाचे खरे साधन म्हणजे हा अडकवून ठेवलेला पगार.

कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1884 मध्ये कामगारांनी जे निवेदन केले, त्यात हा मुद्दा होता. सुमारे साडेपाच हजार जणांच्या वतीने मागण्या मांडल्या होत्या: रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, अपघातात जखमी झालेल्यास मदत आणि पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत पगार. रविवारची सुटी 1890 मध्ये मिळाली. पगाराची मागणी मात्र तशीच पडून राहिली.

निवेदनाने झाले नाही ते प्लेगने काही आठवड्यांत घडवले. शहरात उरलेल्या कामगाराला उद्या आपण असू की नाही याची खात्री नव्हती, मग महिन्याच्या पगारावर तो विश्वास कसा ठेवणार? दिवसाचे काम, दिवसाचा पगार, ही त्याची अट झाली. चात्या आणि माग बंद ठेवणे न परवडणाऱ्या मालकांनी ती मानली. इतकेच नव्हे, तर एका गिरणीची माणसे दुसरीने जास्त रोज देऊन नाक्यावरूनच उचलावीत, असे प्रकार सर्रास होऊ लागले. कामगारांच्या या ताकदीमागे गाव होते. रत्नागिरीत किंवा साताऱ्याकडे जमिनीचा तुकडा आणि भाऊबंद असल्यामुळे मुंबई सोडली तरी लगेच उपाशी मरण्याची वेळ येत नव्हती. एरवी मालक ज्या गावच्या ओढीला नावे ठेवत, तीच आता कामगाराच्या उपयोगी पडली.

सरकारी उपायांनी पळापळ वाढवली. घरझडत्या आणि रुग्णांना जबरदस्तीने हलवणे यांचा धसका मोठा होता. ऑक्टोबर 1896 मध्येच संतापलेल्या गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. 2020 च्या साथीत सरकारने पुन्हा बाहेर काढला तो हाच.

त्याच फेब्रुवारीत, 9 तारखेला, प्लेगग्रस्तांची सेवा करत असलेले लोखंडे प्लेगनेच गेले. कामगारांचा भाव सर्वांत चढा असतानाच त्यांचा पुढारी नाहीसा झाला. चढ्या भावाचा फायदा ज्याचा त्याने घेतला, पण तो टिकवील असा करार करायला संघटना उरली नाही. साथ ओसरून माणसे परत येताच मालकांनी एकजुटीने रोजचा पगार बंद करायचे ठरवले. गिरण्यागिरण्यांत संप झाले, पण विस्कळीत. महिन्याचा पगार आणि त्यासोबत अंगावर राहणारी थकबाकी परत आली. मुकादमही जागच्या जागी राहिला. माणसे गोळा करण्याची गरज पडल्यावर मालकांना त्याच्याखेरीज दुसरे कोण होते?

प्लेगमधून टिकाऊ असे निघाले ते घरांच्या बाबतीत. दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद करण्यासाठी 1898 मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. मात्र पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या थोड्याच बांधल्या गेल्या, आणि हुसकावलेले लोक शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागले. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीच्या बीडीडी चाळी उभ्या राहिल्या त्या 1920 नंतर.

निवेदनातल्या कामाच्या तासांच्या मागणीचा निकाल वेगळ्या वाटेने लागला. विजेचे दिवे आल्यावर सूर्यास्ताची मर्यादाही गेली आणि 1905 च्या तेजीत काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. त्यावर ओरड झाली, चौकशी समित्या बसल्या आणि 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली.

पगाराच्या तारखेला आणखी पाव शतक लागले. 1936 च्या वेतन कायद्याने हजारांपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांत पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत आणि इतरत्र 10 तारखेच्या आत पगार देणे मालकांवर बंधनकारक केले. 1884 च्या निवेदनात मागितलेली तारीख 15 होती.