बुटांच्या घराण्यातला कार्बुरेटर

जुन्या मॉरिस मायनरचं बॉनेट उघडलं की घुमटासारखं डोकं असलेला एसयू कार्बुरेटर दिसतो. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. हे स्किनर कोण, तर लंडनच्या ‘लिली अँड स्किनर’ या बूटवाल्या पेढीचं घराणं! आणि त्यांच्या पहिल्या कार्बुरेटरचा जीव होता कातड्याच्या भात्यात.

आधीची वंशावळ थोडक्यात. बेंझच्या १८८६ च्या गाडीत नुसती पेट्रोलची वाफ हवेत मिसळे. १८९३ मध्ये बुडापेस्टला बांकी आणि चोंका यांनी, तर जर्मनीत मायबाखने, बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा उडवला. फुलांवर पाणी फवारणारी फुलवाली पाहून बांकी-चोंकांना हे सुचलं, अशी आख्यायिका आहे. गोड आहे, पण आपला रस्ता वेगळा.

इंजिन कधी जास्त हवा ओढतं, कधी कमी. तोटीचं भोक मात्र तेवढंच. १९०५ च्या सुमारास जॉर्ज हर्बर्ट स्किनरने यावर तोड काढली. इंजिनाच्या ओढीवर भाता हलायचा आणि त्याच्याबरोबर निमुळती सुई तोटीत, म्हणजे जेटमध्ये, वरखाली व्हायची. ओढ वाढली की सुई वर आणि पेट्रोल जास्त.

पण कातडंच का? माझं उत्तर सरळ आहे: घरात तेच होतं. यावर कोणी म्हणेल, भाते लोहाराकडे होते, हार्मोनियमला होते, कॅमेऱ्यालाही होते. खरं आहे, पण ते माणूस हलवतो. इथे हवेनेच भाता हलवायचा होता. खरा प्रतिस्पर्धी आहे गॅसचा मीटर. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये कातडी पडदे गॅसच्या दाबाने हलत आणि मोजणी करत. कल्पना तिथून आली असेल, हे मी मान्य करतो. पण हलक्याशा ओढीला दाद देईल आणि रोजच्या वापरात फाटणार नाही, असं कातडं पारखायला बूटवाल्याचाच हात हवा!

पुढे भाता गेला आणि धातूचा पिस्टन आला. १९२६ मध्ये मोटारउत्पादक विल्यम मॉरिसने एसयू कंपनीच विकत घेतली. तरी लवचीक पडदा कायमचा गेला नाही. १९६० च्या दशकात स्ट्रॉमबर्गच्या सीडी कार्बुरेटरमध्ये तो रबराचा होऊन परतला. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्समध्येही ओढीने हलणारा पडदाच ठिणगीचं टायमिंग पुढे सरकवतो. या दोघांना मी भात्याची भावंडंच मानतो.

एसयूचा चोकही निराळा. इतर अनेक कार्बुरेटरांमध्ये चोक ओढला की झडप हवा अडवते. एसयूमध्ये जेट खाली सरकतो, सुईचा बारीक भाग समोर येतो आणि पेट्रोलला वाट मोठी होते. मिक्श्चर तपासायचं तर इंजिन गरम झाल्यावर पिस्टन खालच्या पिनने जेमतेम मिलिमीटरभर उचला. इंजिनाचा वेग वाढून तसाच टिकला तर पेट्रोल जास्त. इंजिन बसायला लागलं तर कमी. वेग क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला, तर बरोबर.

मिक्श्चर बदलायला जेटच्या नटाला हात लावण्याआधी मात्र टॅपेट, पॉइंट आणि टायमिंग नीट करून घ्या, घुमटातल्या डँपरमध्ये तेल आहे ना तेही पाहा. टायमिंग चुकलेलं असताना मिक्श्चर लावत बसणं म्हणजे वेळ आणि पेट्रोल दोन्ही फुकट.