खेड्यातला डॉक्टर आणि स्वयंपाकघरातला फुगा

हल्ली गटाच्या बैठकीत ऐकू येतं, 'सासऱ्यांना दोन स्टेंट टाकले', 'आत्याची बायपास झाली'. हे उपचार आले कुठून, ते आज सांगते.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या चरबीने बुजत गेल्या की छाती भरून येते, दम लागतो. बायांचा कधी जबडा दुखतो, कधी नुसतं मळमळतं. मग पित्त झालं म्हणून आपण तशाच कामाला लागतो.

बायपास आधी आली. रेने फावालोरो हा अर्जेंटिनाचा डॉक्टर. बारा वर्षं तो हासिंतो अराउस नावाच्या आडगावी राहिला. तिथे ऑपरेशनची खोली उभारली, नर्स शिकवून तयार केल्या, आजार टाळायचे कसे ते लोकांना समजावलं. पुढे अमेरिकेत क्लीव्हलँडला गेला आणि मे 1967 मध्ये रुग्णाच्या पायातली शीर काढून त्याने हृदयाच्या नळीला जोडली. ती रुग्ण 51 वर्षांची बाई होती! पाट एका जागी बुजला की आपण बाजूने दुसरा काढतो ना, तसंच हे. आधीही कुणी कुणी प्रयत्न केले होते, पण ही शस्त्रक्रिया रुळवली ती यानेच.

दहा वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये आंद्रेआस ग्रुन्टझिग हा डॉक्टर घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर बारीक फुगे बनवत होता. 16 सप्टेंबर 1977 ला झ्युरिकमध्ये त्याने जाग्या रुग्णाच्या नळीत फुगा फुगवून वाट मोकळी केली. छाती उघडावी लागली नाही. पण अशी नळी पुष्कळदा परत आवळायची. म्हणून 1986 मध्ये फ्रान्समध्ये तिथे धातूची जाळी बसवली. तोच स्टेंट. पुढे त्यावर औषधाचा लेप आला.

मग चांगलं कोणतं? ॲटॅक चालू असेल तर वेळ महत्त्वाची, तिथे बहुधा स्टेंटच. पण शुगर असेल आणि दोन-तीन नळ्या बुजल्या असतील तर गोष्ट वेगळी. अशा 1900 रुग्णांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत स्टेंटवाल्यांपैकी शंभरात सुमारे 16 दगावले, बायपासवाल्यांपैकी 11. लकव्याचा झटका मात्र बायपासमध्ये जास्त जणांना आला. त्या अभ्यासात बाया तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होत्या, हे मला खटकतं.

घरात काय होतं? 'छाती कापायची' म्हटलं की सगळे घाबरतात. त्यात आजारी बाई असली तर चूल कोण बघणार, म्हणून लवकर घरी सोडणारा उपचार पसंत पडतो. हा हिशेब तिच्या जिवाचा नाही, घराच्या सोयीचा आहे. डॉक्टरांना विचारा: किती नळ्या, कुठे बुजल्या, शुगर धरून हाच उपचार का? ॲटॅक चालू नसेल तर अँजिओग्राफीची सीडी घेऊन दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवता येते. काहींचं गोळ्यांवरही भागतं.

पैशाचं म्हणाल, तर 2017 मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत स्टेंटही बसतो, बायपासही. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला गाठा.